द्राक्षवेल आणि विसार

शरणपूर, नाशिक

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला. पुण्याची नोकरी घ्यावी की नाही, यात देवाची इच्छा काय हे कसे ओळखावे, असे तू विचारले आहेस. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. या बाबतीत मी एकदा सपशेल फसलो आहे, आणि ते सांगितल्यावाचून तुला उपदेश करणे लबाडीचे ठरले असते.

वडिलांचे घर विकल्यावर मी द्राक्षांच्या व्यापारात पडलो, एवढे तुला ठाऊक आहे. कसा पडलो ते ठाऊक नाही. दिंडोरीकडील एका बागेचा सौदा समोर आला होता. मी रात्री प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले आणि पानावर बोट ठेवले. बोटाखाली योहानाचा पंधरावा अध्याय होता : ‘मीच खरा द्राक्षवेल आहे.’ नाशिकच्या माणसाला याहून स्पष्ट खूण ती कोणती हवी! (आज लिहितानाही हसू येते आणि लाजही वाटते.) सकाळी हिने पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता, एवढेच विचारले, “यातले निम्मे पैसे ताईंचे आहेत ना? त्यांना विचारलेत का?” मी म्हणालो, “तुझा विश्वास कमी पडतो.” विसार दिला, फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, तयार घडांतले मणी तडकले, आणि बागाईतदार व मी दोघेही बुडालो.

पाऊस ही माझ्यासाठी शिक्षा होती असे मी मानत नाही, कारण तो तालुक्यातल्या भल्या माणसांच्या बागांवरही पडलाच. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या दिवशी देव बोलला असेल तर तो पोळपाटापाशी बोलला, आणि मी मात्र बोटाखालचे अक्षर धरून बसलो.

त्यानंतर मी जुन्या करारातली शमुवेलाची, मंदिरात वृद्ध याजक एलीजवळ वाढणाऱ्या पोराची, गोष्ट पुन्हा वाचली. लहानपणी संडे स्कूलमध्ये आपण ती पाठ केली, पण एक गोष्ट नजरेतून सुटली होती. हाक आली तेव्हा ती एलीचीच आहे असे वाटून पोरगा तीनदा त्याच्याकडे धावला. म्हणजे देवाची वाणी त्याला घरातल्या ओळखीच्या म्हाताऱ्याच्या आवाजासारखीच वाटली. आणि ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ असे म्हणायला शिकवले तेही त्या दृष्टी मंदावलेल्या म्हाताऱ्यानेच. गिदोनाने देवाकडे खूण मागण्यासाठी ठेवलेल्या लोकरीचा दाखला आपण फार देतो, परंतु खळ्यात लोकर ठेवण्याआधीच त्याला इस्राएलाला सोडवण्याची आज्ञा स्पष्ट मिळालेली होती. लोकर त्याच्या शंकेसाठी होती. मलाही ताईचे पैसे ताईचे आहेत हे कळण्यासाठी कोणत्याही खुणेची गरज नव्हती.

खूण आणि निर्णय यांच्यामध्ये किती काळ जाऊ शकतो, हे पाहायचे तर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे पाहा. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला तो १८९३ साली. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधला काळ वाचनाचा, झगड्याचा होता. त्यांच्या पत्नी, आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, यांचा बाप्तिस्मा तर १९०० साली झाला. आणि आपल्याला शनिवारी रात्री विचारून रविवारी उत्तर हवे असते.

आता मी पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वी अर्धा तास बसतो आणि शास्त्र क्रमाने वाचतो. बोट ठेवून उघडत नाही. मनात जे येते ते वहीत तारीख घालून लिहितो, म्हणजे आठवड्याने तेच आपल्याला उतावळेपणाचे दिसते की नाही ते कळते. मला हवे तेच नेमके ऐकू आले की मी सावध होतो. मागे मत्तयाचा पाचवा अध्याय ओघाने आला : तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. ते मला अजिबात नको होते. तीन दिवस मी पुढचा अध्याय वाचू शकलो नाही. चौथ्या दिवशी बस पकडून नाशिक रोडला ताईकडे गेलो आणि सर्व सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “पैसे गेले ते ठाऊक होतं रे. तू सांगतोस कधी, याची वाट पाहत होते.” हप्ते अजून चालू आहेत.

म्हणून तुझ्या प्रश्नावर मी हो किंवा नाही म्हणणार नाही. पौलाला त्रोवस शहरात ‘मासेदोनियाला ये’ असा दृष्टान्त झाला, तरी देव बोलावतो आहे हे अनुमान ‘आम्ही’ केले असे नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगते. तेव्हा एकट्याने ठरवू नकोस. तुझ्या चार पानी पत्रात पगार आहे, घरभाडे आहे, स्वप्नही आहे. आईंचा उल्लेख एकदाच आहे, तोही ‘आईचे काय ते नंतर पाहू’ असा. त्यांना विचारलेस का?

पुढच्या रविवारी आराधनेनंतर फोन करीन. आईंना माझा सलाम सांग.

तुझाच,
जुना बाकसोबती