‘झेपणार नाही’ हे कशावरून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या एमआयटीचे प्रा. जेफ्री शापिरो यांच्यावरचा लेख वाचला. प्रकाशीय संचार (प्रकाशातून संदेश पाठवणं) आणि क्वांटम इमेजिंग (प्रकाशकणांच्या गुणधर्मांवरून चित्र मिळवणं) या विषयांना मराठी वर्तमानपत्र अर्धं पान देतं, त्याबद्दल मनापासून आभार. पण शेवटच्या परिच्छेदात लेखकाने ‘मराठवाड्यासारख्या भागातल्या मुलांना हे विषय झेपणं अवघड’ असं लिहून टाकलं आहे. कशाच्या आधारावर? मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन शिकवून निवृत्त झालो. कुणाला काय झेपतं, हे मी वर्गात पाहिलेलं आहे.

आधी लेखातलीच एक गोष्ट. शापिरो ‘टेलिकॉम सोडून क्वांटमकडे वळले’, असं त्यात म्हटलं आहे. त्यांनी काहीही सोडलेलं नाही. क्षीण प्रकाशातून, गोंगाटातून जास्तीत जास्त माहिती कशी काढायची, हा एकच प्रश्न ते आयुष्यभर घेऊन बसले. तारेतून संदेश काढा नाहीतर अंधारातून चित्र काढा, अडचण तीच. ‘घोस्ट इमेजिंग’लाही, म्हणजे वस्तूवर कॅमेरा न रोखता तिचं चित्र मिळवण्याच्या पद्धतीलाही, लेखकाने क्वांटम चमत्कार ठरवलं. वास्तविक २००८ साली शापिरोंनी दाखवलं ते याच्या उलट आहे. वस्तूवर आपल्याला ठाऊक असलेले प्रकाशाचे नमुने एकामागून एक टाकायचे, परत येणारा सगळा उजेड एकाच साध्या डिटेक्टरने मोजायचा, आणि त्या आकड्यांवरून संगणकाने चित्र उभं करायचं. कॅमेरा लागत नाही, गुंतलेले फोटॉनही (क्वांटम नात्याने एकमेकांशी जोडलेले प्रकाशकण) लागत नाहीत. आमच्याकडच्या महाविद्यालयांत धूळ खात पडलेला प्रोजेक्टर, उजेड मोजणारा एक फोटोडायोड आणि एक संगणक एवढ्यावर शेवटच्या वर्षाची मुलं हे करू शकतात. हे वाचकांना सांगायला हवं होतं.

आता झेपण्याबद्दल. जिंतूर तालुक्यातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे प्रोजेक्टला होती. तिला प्रकाशावरून आवाज पाठवायचा होता. फायबर ऑप्टिक्सची ट्रेनर किट आमच्या लॅबमध्ये होती, पण काचेच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीसकट, कुलपात. तपासणीची कमिटी आली की बाहेर काढायची, गेली की परत आत. मी किल्ली मागितली तर उत्तर मिळालं, ‘तुटलं-फुटलं तर डेड स्टॉकचा हिशोब कोण देणार?’

त्या मुलीने बाजारातून खेळण्यातला लेसर आणला. जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर, प्रकाश टिपणारा एक फोटोट्रान्झिस्टर, आवाज वाढवणारी एलएम ३८६ चिप आणि छोटा स्पीकर. व्हरांड्याच्या या टोकाचं गाणं त्या टोकाला स्वच्छ ऐकू आलं. मग तिने तेच भर एप्रिलच्या दुपारी पार्किंगच्या पत्र्यांवरून पलीकडे नेलं. सावलीतल्या भिंतीवरचा लाल ठिपका थरथरू लागला. पसरायचा, मध्येच फिका पडायचा, की आवाज तुटायचा. ऊन उतरलं की ठिपका स्थिर. तासातासाच्या नोंदी तिने वहीत ठेवल्या आणि मला विचारलं, ‘सर, तिकडून इकडे पाठवला तर तो असाच नाचेल का?’

संपादक महोदय, खळबळत्या हवेतून प्रकाश जाताना आणि उलट येताना सारखाच बिघडतो का, हा शापिरोंच्या १९७१ सालच्या शोधनिबंधाचा विषय आहे. ती मुलगी तो निबंध वाचून आली नव्हती. पत्र्यावरची वाफ बघून तिला तोच प्रश्न पडला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची वही उघडलीसुद्धा नाही. ‘लेसर काय, शाळेच्या प्रदर्शनातही असतो,’ म्हणाले. दुकानातून तयार आणलेल्या, चकचकीत डब्यातल्या प्रोजेक्टला तिच्यापेक्षा जास्त गुण पडले. तो आणणाऱ्यांना आतला सर्किट डायग्रॅमही काढता आला नव्हता. आज ती पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. मुलीची नोकरी चांगली आहे, घर उभं राहिलं, मला आनंदच आहे. पण तो प्रश्न तिच्या हातून कुणी काढून घेतला, हे मी विसरू शकत नाही. तिला विषय झेपत नव्हता म्हणून हे झालेलं नाही.

आणि हा भाग एवढा लांबचा कधीपासून झाला? ऑप्टिकल फायबरचा धागा आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला ओढला जातो. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले २,६०० कोटी. अमेरिकेतल्या लायगोत २०१९ पासून मोजणीतला गोंगाट कमी करायला ‘स्क्वीझ्ड’ (ज्याचा एका बाजूचा गोंगाट दाबून कमी केला आहे असा) प्रकाश वापरतात. शास्त्रज्ञ होरेस युएन आणि शापिरो यांनी १९७८ ते १९८० या काळात संदेशवहनासाठी ज्याचा विचार केला, त्याच जातीचा हा प्रकाश. उद्या औंढ्याला लेसर जुळवणारे, आरसे सांभाळणारे, आकडे तपासणारे हात लागतील. तेव्हा आमची पोरं फक्त गेटवर आणि कॅन्टीनमध्ये दिसली, तर दोष पोरांना देऊ नका. कुलपं आत्ताच उघडा. मोडलेल्या किटचा हिशोब विचारण्याआधी न वापरलेल्या किटचा हिशोब विचारा.

जाता जाता आणखी एक. हा लेख मला वाचायला मिळाला तो छत्रपती संभाजीनगरहून आलेल्या भाच्याच्या पिशवीतल्या अंकात. आमच्या परभणीच्या अंकात त्या पानावर एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. हे नेहमीचंच झालं आहे. पैसे आम्हीही तेवढेच मोजतो. जाहिरात हवी तर दुसऱ्या पानावर घ्या, पण विज्ञानाचं पान आमच्या आवृत्तीतून काढू नका, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक निवृत्त अधिव्याख्याता, परभणी