झाडं कुठे सोडलीत?

प्रिय अवी,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे, एका तपकिरी चिखलामुळे. त्याचं पुराण पुढे येईलच.

'जन्मभर झाडांचे जीन्स उकरलेस आणि आता उतारवयात समुद्रातल्या जंतूंच्या नादी लागलास?' असं लिहिलंस. हसलो, पण जरा लागलंही. अरे, झाडं कुठे सोडलीत मी? झाडच समुद्रात गेलंय आणि मी त्याच्या मागे मागे.

ते झाड म्हणजे ईलग्रास, झोस्टेरा मरिना. शेवाळ समजू नकोस. मुळं, फुलं, बिया असलेली अस्सल सपुष्प वनस्पती. पूर्वज जमिनीवरचे, पुढे पुन्हा पाण्यात उतरलेले. 2016 साली तिचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, प्रसिद्ध झाला, तेव्हा मी तो पेपर एका बैठकीत संपवला होता. पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची श्वासाची छिद्रं, घडवणारे जीन्सच नाहीत! फळं पिकवणाऱ्या त्या इथिलीन वायूचे नाहीत. हवेत वास सोडणारी टर्पीन बनवणारेही गेलेले. पाण्याखाली रंध्रं हवीत कशाला, नि वास घेणार कोण? आपण वर्गात ज्यावर तासन्‌तास वाद घातले, ते सगळं या बाईने अडगळ म्हणून टाकून दिलंय.

आता तुझा 'जंतू'. ईलग्रासच्या पानांवर काळे डाग पाडणारा लॅबिरिंथुला झोस्टेरी. हा ना जिवाणू, ना बुरशी. हा प्रोटिस्ट, म्हणजे ना प्राणी, ना वनस्पती असा सूक्ष्म जीव; डायाटम नावाची सूक्ष्म शैवालं आणि तपकिरी शैवालं यांच्या गोतावळ्यातला. लॅबिरिंथुला हा वंश (जीनस) सिएन्कोव्स्की या शास्त्रज्ञाने 1867 मध्येच नोंदवला होता. पानावरच्या काळ्या डागाच्या कडेचा तुकडा कापायचा (मधला नाही, तिथे सगळं मेलेलं असतं), समुद्राच्या पाण्यात केलेल्या अगारच्या जेलीवर ठेवायचा, जिवाणू माजू नयेत म्हणून अँटिबायोटिक घालायचं आणि वाट बघायची. दोन-तीन दिवसांनी भिंगाखाली बघ. काचेसारख्या पारदर्शक धाग्यांचं जाळं पसरलेलं असतं आणि त्यातून चातीच्या आकाराच्या पेशी सावकाश सरकत असतात. समोरासमोर आल्या तरी टक्कर नाही, एक इकडून, एक तिकडून. रूळही स्वतःच पाझरवायचे आणि गाडीही स्वतःच व्हायचं! पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी माझा चहा गार झाला.

पण देखणा आहे म्हणून गरीब समजू नकोस. 1930च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही काठांवरची ईलग्रासची कुरणं काळी पडून झडली, काही ठिकाणी नव्वद टक्क्यांपर्यंत. तिच्या पानांवरच जगणारी एक चिमुकली लिम्पेट, म्हणजे टोपीसारख्या शंखाची गोगलगाय, त्यात कायमची नामशेष झाली. खाड्यांच्या कमी खारट पाण्यात रोगाचा जोर कमी पडतो, म्हणून गवत तिथे तगलं. लिम्पेटला मात्र ते पाणी सोसत नव्हतं. गवत वाचलं, भाडेकरू गेला. रोग लॅबिरिंथुलाचा, हा संशय तेव्हापासूनचा, पण या जातीचं रीतसर बारसं झालं 1991 मध्ये.

आता चिखल. डागाळलेल्या पानांतून डीएनए काढायला बसलो. तीन आठवडे नळीच्या तळाशी तपकिरी, चिकट गोळी आणि पीसीआरने डीएनएच्या प्रती काढून जेलवर बघावं, तर जेल कोरं. रसायनं बदलली, मशीनला शिव्या घातल्या. मग एका रात्री तू आठवलास. आंब्याच्या पानांचा असाच लगदा व्हायचा आणि तू बफरमध्ये पीव्हीपी, ती फिनॉल नावाची तपकिरी पडणारी रसायनं धरून ठेवणारी पूड, ओतत म्हणायचास, 'आधी फिनॉल बांधून टाक, मग बाकीचं बोल.' ईलग्रासमध्ये रोझमॅरिनिक आम्ल असतं, तेही फिनॉलच. एवढं साधं मला सुचू नये! पीव्हीपी घातलं, डीएनए दहापट पातळ केला आणि परवा जेलवर पट्टा दिसला. फिकट आहे, पण आहे.

आता खरा प्रश्न. हा लॅबिरिंथुला धडधाकट पानांवरही सापडतो, महिनोन्‌महिने निमूट. मग एखाद्याच मोसमात का बिथरतो? पाणी तापतं, उजेड कमी पडतो, हे खरं. पण मला वाटतं, उत्तर अर्धं झाडाकडे आहे. पान आधी दमतं, मग हा शिरतो. सहकाऱ्यांना हे पटत नाही. म्हणून डागाच्या कडेपासून मिलिमीटर-मिलिमीटरवर पान कापून झाडाचे कोणते जीन्स कुठे जागे होतात ते बघतोय. आहे की नाही आपलंच जुनं काम?

तुझी ती जुनी वही आहे ना अजून? पीव्हीपी किती टक्के घालायचास, त्या पानाचा फोटो पाठव. मी दोन टक्क्यांवर अडकलोय.

तुझा,
सुहास