बाटल्या माझ्याकडे आहेत

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, औषधांच्या डब्यामागच्या त्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या तीन बाटल्या शोधत असाल, तर शोधू नका. निघताना मी पिशवीत टाकून पुण्याला आणल्यात. आईला यातलं काही माहीत नव्हतं, तिच्यावर चिडायचं नाही. विचारलं असतं तर तुम्ही "राहू दे गं, अपाय तर नाही ना" म्हणाला असता आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. पुढच्या महिन्याचं पार्सलही बंद केलंय. आधी बाटल्यांचे फोटो आपल्या डॉक्टरांना दाखवले होते, बंद केल्या तर चालतील म्हणाले. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांना हात लावलेला नाही. नानाकाकांशी मीच बोलेन. त्यांनी मायेनंच सुचवलं होतं, त्यांना दुखवणार नाही.

आता वर्गात विचारायचात तसं विचाराल, "आधार काय?"

"अँटिऑक्सिडंटनं मधुमेहाचे त्रास टळतात" हे बाटलीवरचं सगळंच खोटं नाही. रक्तात साखर चढलेली राहिली की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडं, पायांच्या नसा इथल्या पेशींना ती आत येताना अडवता येत नाही. ती वापरताना फ्री रॅडिकल्स, म्हणजे अस्थिर, उपद्रवी रेणू, जास्त तयार होतात आणि पेशींनाच इजा करतात. अँटिऑक्सिडंट त्यांना शमवतात, इथवर बरोबर. पण चुलीत ओली लाकडं तशीच ठेवून धुराला वारा घालण्यातला हा प्रकार. 'होप' नावाच्या चाचणीत ९,५०० हून जास्त माणसं होती, त्यातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त मधुमेही. निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षं रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. २००० साली निकाल आला, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. पुढे त्यांच्यावर आणखी लक्ष ठेवलं, तर ई घेणाऱ्यांतच हार्ट फेल्युअर जास्त निघालं. तुमच्या मोठ्या बाटलीत तेच ४०० आहे, बाबा. मग मी ती ठेवून कशी येणार होते?

उलट ब्रिटनच्या यूकेपीडीएस या मधुमेहाच्या अभ्यासात एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) एका टक्क्यानं कमी, तिथे डोळे-मूत्रपिंडांचे त्रास ३७ टक्क्यांनी कमी दिसले. म्हणून मी त्या आकड्यामागे लागते.

बाटल्यांतल्या अल्फा लिपोइक ॲसिडचं, तेही अँटिऑक्सिडंटच, जरा वेगळं आहे. ते शिरेतून दिल्यावर पायांची जळजळ कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलंय. गोळ्या चार वर्षं देऊन पाहिल्या, तेव्हा चाचणीत मुख्यतः जो फायदा शोधत होते, तो दिसला नाही. त्यामुळे ते घ्यायचं की नाही, डॉक्टर ठरवतील.

आणि तुमच्या पायांतल्या मुंग्या साखरेमुळेच कशावरून? मेटफॉर्मिन, म्हणजे तुमची साखरेची गोळी, वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व उतरू शकतं, त्यात तुम्ही पक्के शाकाहारी. त्या कमतरतेनंही अशाच मुंग्या येतात. ही तपासणी बाटल्यांच्या भरवशावर राहून गेली.

तोंडाची चव मी काढून घेत नाहीये, खरंच. आवळे आलेत ना बाजारात? मीठ लावून खा. लहानपणी तुम्ही मला आवळा खायला लावून वर पाणी पाजायचात, "बघ, गोड झालं की नाही!" मी ती तुमची जादू समजत होते. अजूनही थोडी समजते. पण मोरावळा नाही. आई, बरणी वरच्या फळीवर ठेवलीस तरी बाबांचा हात पोचतो, ती शेजारी देऊन टाक. शेवग्याचा पाला, पेरू, जवसाची चटणी मनसोक्त चालू दे. पेरू मात्र एकच, आणि त्याचा रस काढायचा नाही.

डोळ्यांचा पडदा तपासायला पुढच्या महिन्यात मी येऊन घेऊन जाते. थेंब टाकले की धुरकट दिसतं, त्या दिवशी स्कूटर बंद. रोज झोपताना आईनं तळपाय बघायचे, बाबांनी लाजायचं नाही. अनवाणी गच्चीवर जायचं नाही, तुळशीला पाणी घालतानासुद्धा.

शनिवारी सकाळी सातला लॅबचा माणूस रक्त घ्यायला येईल. उपाशीपोटी साखरही बघायचीय. आई, तू त्याला चहा केल्याशिवाय सोडणार नाहीस. कर, पण आधी रक्त घेऊ दे, आणि सोबत म्हणून बाबांना अर्धा कप देऊ नकोस.

तुमची,
चिमी