कातरलेला नोबल आणि सरकलेला ठसा

महोदय,

मध्ययुगीन इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्यांवरील पुरवणीतल्या लेखात ‘वेडावाकडा काठ म्हणजे बनावट’ असे सरसकट म्हटले आहे. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांना हा नियम लावला, तर अस्सल नाणीच आधी बाद होतील.

तिसऱ्या एडवर्डचा नोबल, म्हणजे त्याचे सोन्याचे नाणे, घ्या. जहाजात उभा राजा, हातात तलवार आणि ढाल. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात ठोकलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये सोन्याची चकती, वरून घाव. हात जरा कलला की एका बाजूची अक्षरे काठाबाहेर. पण तेव्हा समोरच्या काठाला कोरी पट्टी राहते आणि वजन पूर्ण भरते. सोने चोरण्यासाठी काठ कातरला असेल तर बाहेरचे मण्यांचे वर्तुळ जाते, अक्षरांची डोकी उडतात, कोरी जागा कुठेच उरत नाही. शिवराई हाताळणारे इथे हमखास फसतात. शिवराईचा ठसा मुळात चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे तिथली तुटकी अक्षरे कातरल्याची खूण नव्हेत.

१३५१ पासून नोबल १२० ग्रेनचा, म्हणजे ७.७८ ग्रॅमचा. १४१२ मध्ये चौथ्या हेन्रीने तो १०८ ग्रेनवर, ७ ग्रॅमवर आणला. किंमत तीच, ६ शिलिंग ८ पेन्स. मग जुन्या नोबलचे पाऊण ग्रॅम सोने कातरून घेतले तरी नव्या वजनाच्या तराजूला पत्ता लागत नसे! म्हणून ७ ग्रॅमचा नोबल दिसला तर आधी राजाचे नाव वाचावे. एडवर्ड असेल तर तो बहुधा कातरलेला. चौथ्या एडवर्डचेही सुरुवातीचे नोबल ७ ग्रॅमचे आहेत, पण ते फारच दुर्मीळ.

कस ९९.५ टक्के. त्यामुळे पूर्ण वजनाचा नोबल बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलला, तर सुमारे ०.४१ ग्रॅमने हलका भरतो. २२ कॅरेटची नक्कल ०.४४ ने. फरक एवढासा, म्हणून मिलिग्रॅम दाखवणारा काटाच हवा. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर अस्सल नाणेही नापास होते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. ओतीव नक्कल भिंगाखाली उघडी पडते: अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या बोथट आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे.

सराफाला मात्र कसोटीवर घासू देऊ नये. तो काठच घासतो, आणि कातरल्याचा पुरावा तिथेच असतो.

— एक नाणेसंग्राहक, पुणे