नरकासुराचे फोटो पहिल्या दिवसापासून काढा

नमस्कार मंडळी, चवथ (गणेशचतुर्थी) झाली, आता रविवारपासून शेडमध्ये नरकासुराच्या पुतळ्याचं बांबूचं काम सुरू. एक कळकळीची विनंती आहे. आपला नरकासुर नरकचतुर्दशीला पहाटे जाळला की हातात काहीच उरत नाही, आणि सगळ्यांकडे फोटो असतात ते फक्त शेवटच्या रात्रीचे, रंगवलेला, लायटिंग केलेला. खरं डोकं लागतं ते त्याच्या आधी, म्हणजे सांगाडा कसा बांधला, खांद्यांचा तोल कसा सांभाळला, हात हलवायची मोटर कुठे बसवली, गवत किती भरलं, आणि मुखवट्याचे कागदाचे थर कसे सुकवले, कारण ऑक्टोबरात पण पाऊस येतोच ना. हे कोणी लिहून ठेवत नाही, मग जाणती पोरं नोकरीसाठी बाहेर गेली की नवीन पोरांना सगळं परत शोधत बसावं लागतं.

म्हणून पेन्सिलचं स्केच, बाद केलेला मुखवटा, वाकडा झालेला सांगाडासुद्धा, सगळ्याचे फोटो तारखेसकट ग्रुपवर टाका. शेडमध्ये एक वही ठेवतोय, मापं आणि सामानाचा खर्च त्यात लिहा. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, मी उतरवून घेईन. जुन्या वर्षांचे असे फोटो कोणाच्या मोबाईलमध्ये असतील तर प्लीज डिलीट करू नका, आजच पाठवा.