आधी सांगते, मी बरी आहे

प्रिय आई, बाबा,

काल 40 किलोमीटर सायकल चालवली आणि पायही दुखले नाहीत. हे आधी वाचा, मग पुढचं.

गेले आठ दिवस मी 'रेंज नाही' म्हणत होते, ते खोटं होतं. मी आजारी होते. उन्हात पाणी संपलं, मिळालं ते न उकळता प्यायले, आणि रात्रीपासून उलट्या-जुलाब. सकाळी एका वस्तीबाहेर सायकल टेकवून बसले ती उठताच येईना. शेताकडे निघालेल्या एक आजी थांबल्या. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी नाही. त्यांनी मला उठवलं आणि घरी नेलं. घरात खाट एकच. तीन रात्री मी खाटेवर, त्या खाली.

त्यांच्या नातीला सगळं माहीत होतं. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, 6 सपाट छोटे चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. घोट घोट पाजायचं, उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा. आजी ताप बघायच्या तो उलट्या हाताने, आई, अगदी तुझ्यासारखा. गोवराच्या वेळी तू रात्रभर बसली होतीस ना, तशाच त्या बसल्या. झोपेत मी तुलाच हाक मारत होते म्हणे.

निघताना पैसे पुढे केले तर त्यांनी माझी मूठच मिटून टाकली. मग हात कानाशी नेऊन फोनची खूण केली आणि विचारलं, घरी कळवलंस का? मी मान हलवून 'हो' म्हटलं. ते मला अजून टोचतंय, म्हणून हे पत्र.

आणि दुसरं. मी यंदा परत येत नाहीये. खोली सोडली आहे. रागावू नका. काम लॅपटॉपवर नीट चालू आहे, बचतीला हात लावलेला नाही. पहाटे निघते, दुपारी सावलीत थांबते, अंधाराआधी मुक्काम. बायामाणसं दिसतील त्याच घरी विचारते. दोनदा मन कचरलं, तर तशीच पुढे गेले. पाणी आता दोन लिटर जास्त ठेवते आणि उकळूनच पिते, शपथ. उशीसुद्धा आहे, आई, फुगवायची. मान अवघडत नाही.

तुमच्यापासून लांब राहायचंय म्हणून नाही हो हे. दादाच्या वेळी तुम्हाला काय झालं, ते मी विसरलेले नाही.

बाबा, प्रेशर मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीला. चहानंतर अर्धा तास मोजायचंच नाही. तुम्ही गप्पा मारत मोजता, मग आकडा वर दिसतो आणि घाबरता. दर रविवारी मला आकडे पाठवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आई, रात्री उठलीस तर आधी दिवा लाव, मग पाय खाली टाक.

यापुढे शिंक आली तरी कळवीन. पत्र वाचून झालं की लगेच फोन करा, कितीही वाजले असोत.

तुमची,
मनी