सॉफ्टवेअरमधे बिल्डची वेळ कशाला कोंबायची?

मा. संपादक,

पासवर्ड कसा ठेवावा, कुठल्या लिंकवर क्लिक करू नये यावर पेपरात नेहमी येतं, पण आपण डाउनलोड करतो ती फाईल खरंच दाखवलेल्या सोर्स कोडपासून बनलीय का हे कसं कळणार, यावर कोणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र.

ओपन सोर्स म्हटलं की कोड कुणालाही वाचता येतो, मान्य. पण आपल्या हातात येते ती कंपाईल झालेली फाईल, म्हणजे कोडपासून मशीनला चालवता येईल अशी बनवलेली (हे बनवणं म्हणजेच बिल्ड), आणि कोड स्वच्छ असून बिल्ड करणारं मशीनच हॅक झालं असेल तर काय? २०२० मधे उघडकीला आलेलं सोलारविंड्स या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण नेमकं हेच होतं, बिल्ड चालू असताना घातक कोड घुसवला आणि वर कंपनीची अधिकृत डिजिटल सही.

हे पकडायचा मार्ग आहे. तोच कोड, तोच कंपायलर घेऊन दोघातिघांनी वेगवेगळं बिल्ड करायचं आणि हॅश, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून काढलेले ठसे, ताडून बघायचे. पण ते जुळत नाहीत, आणि किती वेळा तर कारण असतं आत कोंबलेली तारीख-वेळ! सी भाषेतले डेट आणि टाइम मॅक्रो (कंपायलर आपोआप भरतो ते शब्द) कंपाईल केल्याची वेळ थेट बायनरीत, म्हणजे तयार फाईलीत टाकतात, फाईल लहान करणाऱ्या जीझिपच्या हेडरमधे वेळेसाठी ४ बाइट असतात, अनेक फाईली एकत्र बांधणाऱ्या टार आणि झिपमधे तर प्रत्येक फाईलची वेळ वेगळी. एवढ्याशा फरकाने अख्खा हॅश बदलतो आणि मग खरोखर कोणी काही घुसवलं असेल तर तेही या फुटकळ फरकांच्या गर्दीत खपून जातं, हे मला फार धोक्याचं वाटतं.

डेबियन या लिनक्स सिस्टिमवाले २०१३ पासून याच्या मागे आहेत. सोर्स डेट इपॉक नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) आहे, त्यात आत्ताची वेळ न देता कोडमधल्या शेवटच्या बदलाची वेळ द्यायची, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, जीसीसी हा कंपायलर व्हर्जन ७ पासून ते पाळतो. जीझिपला मायनस एन हा पर्याय दिला की ते वेळ टाकतच नाही. फाईलींचा क्रम, फोल्डरचे पाथ हीपण भानगड असते, पण सुरुवात वेळेपासून करा.

काहीजण म्हणतात की वेळ काढली तर कुठलं बिल्ड आहे ते कसं ओळखायचं. अहो, व्हर्जन नंबर आणि कमिट हॅश (कोडच्या नेमक्या आवृत्तीची खूण) टाका ना! बिल्डच्या वेळेवरून मशीन कधी चाललं एवढंच कळतं, आत कुठला कोड आहे ते नाही.

जे पैसे मोजून सॉफ्टवेअर बनवून घेतात त्यांनी तरी बिल्ड कुणीही केलं तरी हॅश जुळलाच पाहिजे ही अट करारात लिहून घ्यावी, आणि तुम्ही टेक्नॉलॉजीच्या पानावर यावर एखादा सविस्तर लेख छापावा ही विनंती.

- एक सॉफ्टवेअर डेव्हलपर